एकटीचा दौरा, छोट्या जागा आणि बसलेला आवाज: एक प्रकरण अभ्यास

एका स्वतंत्र गायिकेच्या दौऱ्याची ही हकीकत तिच्या परवानगीने लिहिली आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. दौरा चालू असताना ती वही ठेवत होती. ती वही मी वाचली, तिच्याशी सविस्तर बोललो आणि तिच्या काही यजमानांशीही बोललो. छोट्या जागांमध्ये एकट्याने कार्यक्रम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या अडचणी बहुतेक वेळा ‘तब्येत बिघडली’ या दोन शब्दांत गुंडाळल्या जातात आणि त्यामागचे निर्णय कोणाला दिसत नाहीत. म्हणून हे लिहीत आहे.

पार्श्वभूमी

गायिका स्वतःची गाणी स्वतः लिहिते आणि गिटारवर गाते. मोठ्या सभागृहांचा तिला अनुभव आहे, पण तिची गाणी शब्दप्रधान आहेत. वीस ते साठ माणसं जवळ बसून ऐकतात तेव्हा ती जास्त पोहोचतात, असा तिचा अनुभव. म्हणून तिने मुद्दाम लहान जागा निवडल्या: घरातल्या बैठका, एक वाचनालय, एका चित्रकाराचा स्टुडिओ, दोन कॅफे आणि एक छोटं नाट्यगृह.

प्रवास सार्वजनिक वाहनांनी आणि एकटीनेच. सामानात गिटार, स्वतःचा एक माइक, गिटारचा आवाज मिक्सरला जोडायचा डीआय बॉक्स, केबली आणि विक्रीसाठी ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांची एक पिशवी. तिकिटांचा हिशोब, यजमानांशी बोलणं, साउंड चेक, गाणं, नंतर टेबलाशी उभं राहून विक्री आणि दुसऱ्या दिवशीची गाडी, सगळं एका माणसाच्या अंगावर.

मूळ आखणी चांगली होती. पंधरा दिवसांत बारा कार्यक्रम. तीन कार्यक्रम झाले की एक दिवस रिकामा. मानधनाचे तीन प्रकार होते. काही ठिकाणी ठरलेली रक्कम, काही ठिकाणी तिकीटविक्रीतला वाटा आणि घरगुती बैठकांमध्ये श्रोत्यांनी आपल्या इच्छेने द्यायचं.

या गणितातली एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तीस खुर्च्यांची खोली तुडुंब भरली तरी तीसच माणसं येतात. मोठ्या जागेत एखादा कार्यक्रम जोरात झाला तर आधीचा तोटा भरून निघतो. छोट्या जागांमध्ये ती सोय नाही, कमाईला खुर्च्यांचं छत असतं. खर्च मात्र रोजचा आणि ठरलेला असतो, आणि रिकाम्या दिवशी तोच खर्च होऊन हाती काही येत नाही. त्यामुळे कागदावर रिकामा दिवस नेहमी तोट्याचाच दिसतो.

दौऱ्याच्या महिनाभर आधी एका यजमानाने चौथ्या दिवसाची मागणी केली. काही दिवसांनी एका कॅफेने आठव्या दिवसासाठी विचारलं. दोघांनीही ठरलेली रक्कम देऊ केली आणि ती तिच्या सरासरीपेक्षा बरी होती. तिने दोन्ही ठिकाणी होकार दिला. बाराचे चौदा कार्यक्रम झाले आणि पहिल्या दिवसापासून अकराव्या दिवसापर्यंत एकही सुट्टी उरली नाही.

अडचण

पहिली खूण सहाव्या दिवशी दिसली आणि ती नीट वाचली गेली नाही. साउंड चेकच्या वेळी वरच्या सप्तकातली एक ओळ हळू आवाजात म्हणताना सूर धरला जात नव्हता. मध्येच नुसती हवा यायची. तीच ओळ जोर लावून म्हटली की स्वच्छ लागायची. वहीत तिने लिहिलंय: ‘आवाज तापायला वेळ लागतोय.’

ही खूण गाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. स्वरतंतूंच्या कडा थोड्याशा सुजल्या की सगळ्यात आधी जातो तो उंच आणि हळू सूर. सुजलेल्या कडा हलक्या हवेने थरथरत नाहीत, त्यांना जास्त दाब लागतो. जोर लावला की सूर लागतो, म्हणून गाणाऱ्याला वाटतं की आवाज ठीक आहे, नुसता सुस्तावलाय. मग तो आणखी जोर लावतो आणि सूज वाढते.

सातव्या दिवशी खोली लांबट होती. चाळीस माणसं, जाड पडदे, गालिचा. घरगुती बैठकीत ती माइक वापरत नसे. माइकने जवळीक तुटते असं तिला वाटायचं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते. दोन मीटरवर बसलेल्याला जे ऐकू येतं, ते आठ मीटरवर बसलेल्यापर्यंत जाताना सुमारे 12 डेसिबल कमी होतं. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज थोडी मदत करतो, पण पडदे, गालिचा आणि माणसांची अंगं तोही शोषून घेतात. शेवटच्या रांगेसाठी ती दीड तास आवाज पुढे ढकलत राहिली.

आठवा दिवस कॅफेचा. गाण्याच्या वेळी लोक शांत होते. कार्यक्रम संपल्यावर यजमानांनी पार्श्वसंगीत सुरू केलं, कॉफीचं यंत्र चालू झालं, आणि ती टेबलाशी उभी राहून जवळजवळ दीड तास बोलत राहिली. भोवतीचा गोंगाट वाढला की माणूस नकळत मोठ्याने बोलायला लागतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 मध्ये हे नोंदवलं आणि ते आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. बोलणाऱ्याला आपण ओरडतोय हे कळत नाही, हीच त्यातली मोठी अडचण.

नवव्या दिवशी सकाळी तिचा आवाज बसला होता. गाण्याचा तर होताच, बोलण्याचाही.

वही परत वाचताना मला जे दिसलं ते तिलाही आधी दिसलं नव्हतं. ती रोज साधारण सत्तर मिनिटं गात होती आणि त्यातही गिटारचे तुकडे, श्वासाच्या जागा होत्या. कार्यक्रमानंतरचं बोलणं मात्र बहुतेक दिवशी त्याहून लांबलं होतं. त्याशिवाय गाडीच्या घरघरीत पुढच्या यजमानाशी फोन. बोलताना स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला साधारण 200 वेळा एकमेकांवर आपटतात. तंतूंना ते आपटणं गाण्यातलं की गप्पांमधलं, याचा फरक पडत नाही. सगळे ‘गाऊन गाऊन घसा बसला’ म्हणत होते. माझ्या मते तो जास्त करून बोलून बसला.

समोरचे पर्याय

सहा कार्यक्रम शिल्लक होते. तिने वहीचं एक पान दोन भागांत विभागून पर्याय लिहून काढले. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण अशा सकाळी माणूस घाबरलेला असतो.

पहिला पर्याय, कसंही करून गाणं. एका ओळखीच्या वादकाने स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन रात्र काढायचा सल्ला दिला, दुसऱ्याने वेदनाशामक गोळी सुचवली. हा सल्ला गाणाऱ्यांमध्ये सर्रास फिरतो, म्हणून स्पष्ट लिहितो. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या रक्त गोठण्याची क्रिया मंद करतात. सुजलेल्या तंतूंवर जोर पडत असताना त्यातली बारीक रक्तवाहिनी फुटण्याचा धोका वाढतो. स्टेरॉइडने सूज उतरते, पण आत नेमकं काय झालंय हे न बघता ते घेणं म्हणजे इशारा बंद करून त्याच वाटेने जाणं. घसा बधिर करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच: दुखणं कळेनासं होतं, इजा थांबत नाही.

दुसरा, उरलेला दौरा रद्द करून घरी जाणं. शरीरासाठी सुरक्षित, पण सहाही यजमान आणि त्यांची तिकिटं एका फटक्यात गेली असती.

तिसरा, न गाता फक्त गिटार वाजवणं. ती चांगली वाजवते, पण लोक तिची गाणी ऐकायला येत होते. त्यांना न सांगता वेगळंच काही देणं तिला पटेना.

चौथा, आपल्या जागी दुसऱ्या कलाकाराला पाठवणं. नवव्या दिवसासाठी तिने दोघांना विचारलं, पण इतक्या ऐन वेळी कोणी मोकळं नव्हतं.

पाचवा, पुढचे दोन-तीन दिवस थांबवून तपासणी करून घेणं आणि त्यानंतर एकेका कार्यक्रमाचा निर्णय स्वतंत्र घेणं. तिने हा निवडला. माझ्या मते तो बरोबर होता, आणि मुख्यतः एका कारणासाठी: तपासणीआधी बाकीच्या चारही पर्यायांची किंमत तिला ठाऊकच नव्हती.

काय केलं

सकाळी नऊच्या आत तिने सहाही यजमानांना लेखी निरोप पाठवला. फोन केला नाही. निरोपात तीन गोष्टी होत्या: आवाज बसला आहे आणि आज तपासणी आहे, तुमच्या कार्यक्रमाचं काय होणार हे अमुक वेळेपर्यंत कळवते, तोवर तिकिटं विकणं थांबवावं. एका यजमानांनी मला सांगितलं की निरोपात वेळ दिली होती म्हणून त्या निर्धास्त राहिल्या. ‘बघते, कळवते’ असं आलं असतं तर त्यांनी दिवसभरात चार फोन केले असते. तेही बोलणंच झालं असतं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्वरतंतूंची स्ट्रोबोस्कोपी केली. त्यात प्रकाशाच्या झटपट उघडझापीमुळे तंतूंची थरथर मंद गतीत पाहता येते. दोन्ही कडांना सूज होती. रक्तस्राव नव्हता, गाठी नव्हत्या. सल्ला मिळाला: काही दिवस पूर्ण मौन, भरपूर पाणी, रात्री उशिरा जेवून लगेच आडवं न होणं, आणि गाणं सुरू करण्याआधी फेरतपासणी. कुजबुजायचंही नाही, कारण कुजबुजताना बरेच जण घसा आणखी आवळतात. तिने तपासणीचं चित्रीकरण मागून घेतलं. दौऱ्यात असलेल्या कलाकाराने हे जरूर करावं. पुढची तपासणी दुसऱ्या गावी, दुसऱ्या डॉक्टरांकडे झाली तेव्हा आधीच्या चित्राशी ताडून पाहता आलं.

नवव्या दिवसाचा कार्यक्रम रद्द झाला, दहाव्याचा पुढे ढकलला गेला.

अकराव्या दिवसाच्या यजमान वाचनालय चालवतात. त्यांनी उलट निरोप पाठवला: तुम्ही बोलू नका, गाऊ नका, पण याल का? गाण्यांचे शब्द मी वाचते, तुम्ही गिटार वाजवा. तिसऱ्या पर्यायाला तिचा जो आक्षेप होता, तो इथे सुटला, कारण श्रोत्यांना आदल्या दिवशीच कळवलं गेलं आणि ज्यांना नको त्यांना पैसे परत देण्याची सोय ठेवली गेली. मोजक्या लोकांनी पैसे परत घेतले. बाकीचे आले. यजमानांनी सुरुवातीलाच सांगितलं की गायिका आज बोलणार नाही, तिला प्रश्न विचारायचे असतील तर चिठ्ठीवर लिहा. शब्द नुसते वाचले गेले तेव्हा दोन गाण्यांमधली कडवी लांबली आहेत हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ती पुढे छाटली.

बारावा दिवस मुळातच रिकामा होता. तेरावा पुढे ढकलून फेरतपासणी केली. सूज बरीच उतरली होती; थोडक्यात आणि सांभाळून गाण्याची परवानगी मिळाली.

शेवटच्या दोन कार्यक्रमांसाठी तिने जे बदल केले, त्यांचा उपयोग आवाज बसलेला नसतानाही होईल. गिटारच्या सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली उतरवल्या. हाताची बोटं आणि सवयी त्याच, पट्टी मात्र दोन पायऱ्या खाली. जी गाणी मूळ पट्टीतच शोभतात, त्यांना गिटारच्या दांडीवरच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा. तारा सैल पडल्या की खर्जाची तार पडद्यांवर खडखडते, म्हणून जाड तारांचा संच चढवला. सेट पंचेचाळीस मिनिटांवर आणला आणि दर दोन गाण्यांनंतर एक नुसतं वादन. सुरुवातीआधी बारीक नळीतून गुणगुणण्याचा सराव केला. इंगो टिट्झे या आवाजाच्या अभ्यासकांनी त्याचा बराच प्रसार केला आहे. तोंडाशी वाट अरुंद झाली की मागे दाब तयार होतो आणि तंतू कमी आपटत थरथरतात.

माइकही वापरला. माइक तोंडापासून निम्म्या अंतरावर आणला की सुमारे 6 डेसिबल फुकट मिळतात. म्हणजे शेवटच्या रांगेला कुजबुजल्यासारखी ओळसुद्धा जोर न लावता ऐकू जाते. तिचा माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकणाऱ्या प्रकारचा होता, त्यामुळे स्वतःला ऐकण्याचा स्पीकर त्याच्या बरोबर मागे ठेवला आणि शिट्टीचा त्रास झाला नाही. चौदाव्या दिवशीच्या यजमानांनी तिच्या विनंतीवरून बैठक फिरवली: गायिका लांबट खोलीच्या आखूड भिंतीशी न बसता लांब भिंतीच्या मध्यावर. शेवटचा श्रोता जवळपास निम्म्या अंतरावर आला.

जवळीक तुटली का? मी तिथे होतो. माइकमुळे तिला हळू गाता आलं आणि हळू गाण्यामुळेच ती जवळ वाटली.

निष्पत्ती

चौदापैकी अकरा संध्याकाळी पार पडल्या. पुढे ढकललेल्या दोनपैकी एक नंतर झाली, दुसरीची तारीख जुळली नाही. आवाज पूर्ववत झाला. त्यानंतरच्या तपासणीत कडा स्वच्छ होत्या.

पैशाचा हिशोब कटू आहे. भरलेल्या दोन रिकाम्या दिवसांची कमाई एका बाजूला आणि बुडालेले कार्यक्रम, तपासण्या, बदललेली तिकिटं दुसऱ्या बाजूला ठेवली, तर दुसरं पारडं बरंच जड आहे.

नवव्या दिवसाचे आयोजक नाराज राहिले. त्यांनी अर्धी रक्कम आगाऊ दिली होती, खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या, जाहिरात छापली होती. आजारपणात काय करायचं हे लिहून ठरलेलं नव्हतं. तिने आगाऊ रक्कम त्याच दिवशी परत केली. त्यांनी झालेला खर्चही मागितला. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर तिने त्यातला काही भाग दिला. त्यांची मागणी मला अवाजवी वाटत नाही. छोट्या जागेचा आयोजक बहुधा स्वतःच्या खिशातून हे करतो, आणि त्याच्याही कमाईला तेवढ्याच खुर्च्यांचं छत असतं.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठा निर्णय नवव्या सकाळचा नव्हता, तो महिनाभर आधी घेतलेला होता. रिकामे दिवस विकले गेले तेव्हा त्यांची किंमत फक्त त्या दिवसाच्या खर्चाशी तोलली गेली. प्रत्यक्षात तो दिवस पुढच्या तीन कार्यक्रमांना तारण असतो. गायिकेचं म्हणणं असं की पहिली मागणी आजही ती स्वीकारेल, कारण सात दिवसांची सलग माळ तिने पूर्वी निभावली आहे, दुसरी नाकारेल. मी असतो तर दोन्ही नाकारल्या असत्या, किंवा त्या यजमानांना दौऱ्याच्या शेवटी जोडलं असतं. या मुद्द्यावर आमचं एकमत झालेलं नाही.

दुसरा टप्पा सहाव्या दिवसाचा. रोज सकाळी वरच्या सप्तकात एक ओळ अगदी हळू म्हणून पाहायची. हवा आली तर त्या रात्री सेट छोटा, पट्टी खाली, माइक सक्तीचा. असा नियम आधीच लिहिलेला असता तर थकलेल्या मनाला निर्णय घ्यावा लागला नसता. तिने तो आता वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही तर स्वरयंत्र आतून पाहून घ्यावंच, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. रोजी-रोटी आवाजावर असलेल्याने तितकीही वाट पाहू नये.

कार्यक्रमानंतरच्या गप्पांचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. त्या बंद करा म्हणणं सोपं आहे. पण ध्वनिमुद्रणं विकली जातात ती तिथेच, पुढच्या दौऱ्याचे यजमान भेटतात तेही तिथेच, आणि छोट्या जागेत लोक येतात त्यात या भेटीचाही वाटा असतो. तिने काही बदल करून पाहायचं ठरवलं आहे: पार्श्वसंगीत बंद ठेवण्याची विनंती यजमानांना आधीच लेखी करायची; विक्रीचं टेबल यजमानांकडचं कोणीतरी सांभाळणार; आणि गप्पा अर्धा तास, तेही बसून, एका वेळी दोघा-तिघांशी, म्हणजे घोळक्यावरून आवाज फेकावा लागणार नाही. एका कार्यक्रमात तिने मध्यंतरातच लोकांशी बोलून घेतलं, पण दुसऱ्या भागात सूर गरम व्हायला वेळ लागला, म्हणून तो प्रयोग सोडून दिला.

करारात आता दोन ओळी वाढल्या आहेत. आजारपणामुळे कार्यक्रम रद्द झाला तर आगाऊ रक्कम तीन दिवसांत परत, आणि आयोजकाचा पावतीसह दाखवलेला खर्च दोघांनी निम्मा-निम्मा सोसायचा. दुसरी ओळ माइक आणि बैठकीच्या मांडणीबद्दल आहे. पुढच्या दौऱ्यासाठी तिने हा मसुदा सहा यजमानांना पाठवला. पाच जणांनी तो तसाच मान्य केला, एकाने खर्चाची कमाल मर्यादा घालायला सांगितली आणि ती घातली गेली.